खलनायकाची छत्री

आमच्या शेजारचे नथूआबा भर तंबूत छत्री उघडायचे. ऊन नाही, पाऊस नाही. पडद्यावर खलनायक आला की यांची छत्री उघडलीच. त्या मेल्याच्या दिशेनं जोडे, शेंगांची टरफलं, अर्धे खाल्लेले पेरू सुटायचे, आणि आबा छत्री पुढे करून त्याला आडोसा द्यायचे.

तेव्हा चित्रं मुकी होती. नंदुरबारच्या बाजाराला सिनेमाचा फिरता तंबू यायचा, आणि पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट समजावून सांगायचं काम आबांकडे. माणूस काडीसारखा, आवाज तापीच्या पुरासारखा. नायकाला ते चुटकीसरशी उरकायचे: "हाऊ चांगला शे. घोडा बी चांगला शे." नायिका रडली तर "रडी ऱ्हायनी", संपलं. पण खलनायक मिशी पिळत आला की आबांना कंठ फुटायचा.

"थांबा! जोडा मंग फेका. पहिले इचारा, तेनी माय कोठे शे?"

मग त्या मेल्याचं बालपण सुरू. कुणाला सावत्र आईनं चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं, कुणाला तापात घरच्यांनी एकटं टाकलं होतं. इकडे पडद्यावर तो नायिकेला पळवून डोंगर चढतोय, आणि आबा अजून त्याच्या पाळण्यापाशीच! तंबूचा मालक मागून ओरडायचा, "आबा, बाई पळवली, बाई!"

"पळवू द्या. पोरगा आजून रांगी ऱ्हायना."

मी तेव्हा बारा वर्षांची, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत. बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसायचे, ओच्यात पेरू घेऊन. माझा नेम गल्लीत प्रसिद्ध होता. अक्कल तेवढी कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. एकदा मी ठसक्यात विचारलं, "आबा, हाई चित्रमा कोठे दिखस?"

"चित्र उशिरा सुरू व्हयनं, पोरी," आबा म्हणाले.

तंबू हसला. सगळ्यांत जास्त मी हसले. मला वाटलं, मी जिंकले.

मग ते वेड्याचं चित्र आलं. त्यातला खलनायक डोळे गरगर फिरवायचा, पायातल्या साखळीला दात लावायचा, आणि सुटल्यावर गाव पेटवायचा. का, ते चित्राला ठाऊक नव्हतं. वेडा, म्हणून दुष्ट, झालं. लोक पोट धरून हसत होते. त्या दिवशी आबांनी छत्री उघडलीच नाही. मग त्या पुराच्या आवाजाचा पार ओहोळ झाला.

"साखळी नव्हती तेले. दोर व्हता. गोठाना खुटाले."

त्याला दूध-भाकरीत गूळ लागायचा, म्हणाले. घरी पाहुणे आले की त्याच्या तोंडात फडकं कोंबायचे. धाकट्या भावाला बजावलं होतं, त्याच्याशी बोलायचं नाही.

"आनि तो धाकला बोलना नही."

यातलं पडद्यावर काहीच नव्हतं. म्हणून मी मोठ्या हुशारीनं पेरू फेकला. तो आबांच्या कानाला लागला. त्यांनी कान चोळला.

"फेक, माय. तेले बी असंच फेकेत."

दुसऱ्या दिवशी आईनं मला माफी मागायला पिटाळलं. आबा घरी नव्हते. मी मागच्या गोठ्यात डोकावले. तिथं गुरं कधीचीच नव्हती. पण एका खुंट्याभोवती ताजं सारवलेलं, आणि जवळ पितळी वाटीत दूध-भाकरी, वर गुळाचा खडा. एक मांजर ती निवांत खात होतं.

आईला विचारलं, तर ती ज्वारी पाखडता पाखडता थांबली. दगडू म्हणून आबांना थोरला भाऊ होता. डोक्यानं अधू. आबा माझ्याएवढे असताना एका दुपारी, घरचे शेतात गेलेले पाहून, त्यांनी त्याचा दोर सोडला. सोडला, पण बोलले नाहीत. बजावलं होतं ना! दगडू त्यांच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, आणि तापीच्या वाटेनं गेला तो गेलाच.

खेळ संपला की आबा तंबूच्या दारात उभे राहून एकेका बाप्याचं तोंड निरखायचे. मी समजत होते, कौतुकाची वाट बघतात. जाताना मोठ्या बाईसारखी "छान सांगितलं हं, आबा" असं म्हणायचे. धन्य मी!

पुढे बोलपट आले. खलनायक स्वतःच बोलू लागले, स्वतःच गडगडाटी हसू लागले. आबांची गरज उरली नाही. तरी ते तंबूबरोबर गावोगाव फिरू लागले. आता तंबूचे खुंटे ठोकायचे, दोर बांधायचे.

लग्न होऊन मी म्हसावदला गेले. एका बाजाराच्या संध्याकाळी, मुलीला कडेवर घेऊन बोलपट पाहून बाहेर पडले, तर दारात आबा. डोळ्यांत मोतीबिंदू, काखेत तीच छत्री. दिसत नव्हतं म्हणून एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन बघत होते. विशीतल्या पोरांचीही तोंडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांपुढचा दगडू म्हातारा झालाच नव्हता. लोक वैतागून त्यांना बाजूला सारत होते.

शेवटचा माणूस जाईपर्यंत मी थांबले. अख्ख्या गल्लीला पुरून उरलेलं माझं तोंड, त्यातून एवढंच निघालं,

"आबा, तो दिखना का?"

त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे. पण "कोण?" असं काही त्यांनी विचारलं नाही.

"आज नही, पोरी," छत्री दुसऱ्या काखेत घेत आबा म्हणाले. "परवा नवापूरले तंबू शे."