वेळेआधी आलेलं जनुक

मृणालच्या डोहाळजेवणाला तिच्या स्वादुपिंडातली दोन जनुकं आली. आईकडचं वेळेवर आलं. वडिलांकडचं तासभर आधीच येऊन पाटावर बसलं होतं.

दोघांचं काम एकच, पोटात प्रथिनं कापणारी कात्री चालवायची. आईकडचं शांत होतं. घास आतड्यात पोहोचला की मगच त्याची कात्री हले. वडिलांकडचं मेलं उतावळं. अन्न ताटात असतानाच ते सुरू होई आणि कापायला काही मिळालं नाही की स्वादुपिंडच कापत बसे. मृणालच्या वडिलांचा, दिनकररावांचा, जन्म पोट धरून गेला आणि शेवटी ते त्यातच गेले. मृणालही दवाखान्याची वारी करून आली होती.

तरी तिचा त्याच्यावर जीव होता. बाबाही असेच होते. ड्रायव्हर दात घासत असायचा, तेव्हा हे सामानासकट स्टँडवर हजर.

"बाळाकडे एकच जाणार," विमलआत्या म्हणाली. दिनकररावांची ही थोरली बहीण, असल्या कामात कडक. पेढा-बर्फीचा खेळ नुकताच आटोपला होता. त्याच दोन वाट्या पुसून, मृणालला पाठ फिरवायला लावून तिने दोन्ही जनुकं झाकली. "आवाज करायचा नाही," तिने वाट्यांना बजावलं. "मृणाल, जी उघडशील तिच्याखालचं बाळाचं. दुसरं तुझ्यापाशी राहील."

"उतावळं गेलं तर बाळाला दुखेलच का?"

"दुखेलच असं नाही. डॉक्टर म्हणाले, धोका असतो."

मृणाल वळली. बाबांचं काहीतरी बाळात असावं असं तिला फार वाटत होतं, आणि तितकीच भीतीही वाटत होती. तिचा हात उजव्या वाटीवर गेला.

वाटीखालून आवाज आला. कच्, कच्.

"गप बस," आत्या म्हणाली. आवाज वाढला. आत्याने डोळ्यांना पदर लावला. "जन्मात दम निघाला नाही याला. अगदी दिनूवर गेलंय."

मृणालने हात मागे घेतला.

"डावी उघडलीस तर तुझ्याजवळ ते एकटंच राहील गं," तिची आई शालनबाई हळूच म्हणाली.

"राहू दे," मृणाल म्हणाली आणि तिने डावी वाटी उघडली. आईकडचं जनुक उठलं, शालनबाईंच्या पाया पडलं आणि बाळाकडे निघून गेलं.

मग तिने उजवी वाटी उचलली. खाली कापायला काहीच नव्हतं. ते आपली रिकामी कात्री वाजवत मान खाली घालून बसलं होतं.

"चल, जेवू या," मृणाल त्याला म्हणाली.

पान वाढलं की कळ यायची, म्हणून तिने सवयीने पोटावर हात ठेवला. भातावर वरण आलं, तूप पडलं. आत्याने हौसेने उखाणा घ्यायला लावला. आत शांतता होती. तिने पहिला घास गिळला, वर पाणी प्यायली. तरीही शांतता.

घास पोहोचायचा तिथे पोहोचला. मग खालून हलकेच आवाज आला. कच्.