ताट वाजवणारा ब्लॉग

टण्ण. मग जराशानं टण-टण.

पातूरच्या वावरात, नाल्याच्या पलीकडून हा आवाज आला, की देवराव जिथं असतील तिथून निघायचे. मनकर्णाबाई नवऱ्याला नावानं हाक मारत नसत, आणि 'अहो' काही नाल्यापलीकडे पोचत नसे. म्हणून त्या पितळी ताटावर उलथनं हाणायच्या. देवराव हातपाय धुऊन पाटावर येऊन बसायचे. भूक लागली आहे की नाही, हे त्यांच्या पोटानं कधी ठरवलंच नाही. ते खातं ताटाकडे होतं.

मनकर्णाबाई गेल्या आणि ललितनं बापाला अमरावतीच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. ललित घरी बसूनच कंपनीसाठी कोड लिहीत असे. एक दिवस त्याला मोबाइलमध्ये आईनं कधीतरी पाठवलेला आवाज सापडला. "थांब रे ललित, आधी तुह्या बाबाले बलाव लागते," आणि मग ताट.

ललितनं तो आवाज पुन्हा एकदा लावला.

"बाबा, आईच्या नावानं ब्लॉग करू," ललित म्हणाला. "तिच्या गोष्टी, तिचे सांडगे, सगळं त्यात. फोटोवर बोट ठेवलं की हे ताट वाजलं पायजे. वर्षश्राद्धाले सगळ्याइले दाखवू."

"ब्लॉग म्हंजे काय रे?"

"इंटरनेटवरचं घर समजा."

"मंग बांधाले किती टाइम लागन?"

"तयार घर तं आजच भेटते. पण ते भाड्याचं! खिळा ठोकाचा तं मालकाले इचारा. ज्याले कोड येते त्यानं भाड्यानं काहून राहाव? आपून असा फ्रेमवर्क, म्हंजे घराचा सांगाडा, घेऊ, का मनात आलं तं भिंतही सरकवता येईन."

"भिंती सरकवता सरकवता वर्ष जाईन," स्वयंपाकघरातून सून नीलम बोलली. "साधा घ्या ना!"

(बायकोचा असा सल्ला नवऱ्याला वर्ष सरल्यावरच ऐकू येतो.)

पहिला फ्रेमवर्क ललितला आवडला, पण त्यातली मराठी अक्षरं आवडेनात. दुसऱ्यात अक्षरं मनासारखी झाली, तर फोटो आडवे पडले. तिसरा सगळ्यांत चांगला होता. त्याचं नवं व्हर्जन आलं आणि केलेलं सगळं बंद पडलं. अकोल्याचा मित्र कुलदीप फोनवर चौथा सुचवून मोकळा झाला. प्रत्येक वेळी ललित आधी एकच गोष्ट तपासायचा. फोटोवर बोट ठेवलं की ताट वाजतं का?

टण्ण. टण-टण.

ब्लॉगमधून पहिल्यांदा वाजलं तेव्हा देवराव गॅलरीत बसले होते. ते उठले, बेसिनवर हात धुतले आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आताच नाश्ता झाला आहे.

"काय झालं, मामाजी?" नीलमनं विचारलं.

आता सुनेला काय सांगायचं? बायकोनं बोलावलं म्हणून?

"भूक लागली," देवराव म्हणाले.

नीलमनं पोळी-भाजी वाढली. देवरावांनी तीही खाल्ली. बेसिनवर हात धुतात न धुतात, तोच पुन्हा टण्ण.

आवाज कॉम्प्युटरमधून येतो, हे देवरावांना कळत होतं. पायांना कळत नव्हतं. आणि कोडमध्ये चूक सापडेना, की ललित दिवसभर ताट वाजवत राही. पोहे झाले, भाकरी झाली, कालचा वरणभात झाला. देवरावांच्या पायजम्याची नाडी पुरेनाशी झाली. शेवटी नीलम त्यांना ऑटोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली.

"शुगर वाढली, आजोबा. दिवसातून किती वेळा जेवता?"

"बलावलं की," देवराव म्हणाले.

डॉक्टरांनी नीलमकडे पाहिलं.

"मी नाही बलावत हो!" नीलम ओरडलीच.

पण परतताना ऑटोत तिच्या डोक्यात सगळं जुळलं. घरात शिरताशिरताच तिनं ललितला सांगितलं, "अहो, तुमचं ते ताट वाजलं का मामाजीले भूक लागते!"

ललितचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच बाबाच्या जिवाशी खेळून राहिलो?"

वर्षश्राद्धाच्या दिवशी पातूरहून देवरावांची बहीण शकुन आली, बाकीचे नातलग आले. ललितनं टीव्हीवर ब्लॉग लावला. (फ्रेमवर्क पाचवा.) मनकर्णाबाईंचा नथीतला फोटो, सांडग्यांची रीत, देवरावांनी अडखळत सांगितलेल्या गोष्टी, सगळं देखणं उतरलं होतं. शकुन पदरानं डोळे पुसत राहिली.

देवराव सकाळपासून या घडीची वाट पाहत होते. धुतलेला सदरा घालून ते मुलाच्या शेजारी बसले होते. त्यांनी ललितचा मोबाइल हातात घेतला आणि त्यावर उघडलेल्या ब्लॉगमधल्या फोटोवर अलगद बोट ठेवलं.

फोटो मोठा झाला. बस.

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. जरा दाबून.

"आवाज काढून टाकला, बाबा," ललित मायेनं म्हणाला. "कोड आपल्या हाती असला का हेच बरं असते. एक ओळ खोडली, झालं. आता तुमाले उगीच भूक नाई लागणार."

देवराव एक शब्द बोलले असते तर ललितनं ती ओळ तिथल्या तिथं परत लिहिली असती. पण कोणता शब्द? इतके महिने तर ते एकच सांगत आले होते. भूक लागली.

देवरावांनी मोबाइल मुलाच्या हातात दिला. उठून बेसिनवर गेले आणि हात धुवायला लागले.

"वाढ वं नीलम लवकर," शकुन म्हणाली. "दादाले भूक लागली."

देवरावांनी हात पुसले. टेबलावर मांडलेल्या, न वाजलेल्या ताटाकडे एकदा पाहिलं, आणि न जेवताच ते गॅलरीकडे निघून गेले.