अनंतमुळाचा खात्रीचा उतारा

घसा बसला म्हणून कुणी रडत बसावं, तेही थोरल्या भावाचं कोल्ड्रिंकचं दुकान असताना? दादाला हा सरळसरळ स्वतःचा अपमान वाटला!

"अगं, अनंतमूळ आहे ना!" दुकानामागच्या खोलीत बाटल्या मांडत तो म्हणाला. "मुळी साधी, पण अख्खा आशिया पितो! कुठे पाक करून लिंबू पिळतात, कुठे सोड्यात घालून काळंभोर विकतात, कुठे वर अंड्याचं पिवळं फेटतात!"

धाकटीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. बोलायची सोयच नव्हती. दुपारी स्टेशनवर तिच्या आवाजाची परीक्षा होती. गाड्यांच्या घोषणा करायची नोकरी तिने कधीपासून मनात धरली होती. काल आरशासमोर तिने इतक्या गाड्या सोडल्या, की आज घशातून नुसती हवा निघत होती. डोळे भरून आले होते बिचारीचे.

"अंडं राहू दे बाबा," आई म्हणाली. "गरम पाण्याच्या गुळण्या करू दे तिला."

"आई, तू यात पडू नकोस!"

पहिला मान लिंबाच्या सरबताला मिळाला. बर्फ घालून! आधी निदान फुसफुस ऐकू येत होती, आता तीही बंद पडली.

"म्हणजे औषध आत पोचतंय!" दादा खूश झाला. "आता हा काळा सोडा. घसा बसला की यात मीठ घालून पितात, माहितीये?"

"अरे, ग्लासात ओतून घालत असतील!" आई म्हणाली.

"ग्लासात गॅस उडून जातो. आपण बाटलीतच घालू!"

त्याने चमचाभर मीठ बाटलीत सोडलं. बाटली गुरगुरली. दादाने चपळाईने तोंडावर अंगठा दाबला आणि तिथेच घात झाला. काळा फवारा थेट छताला लागला, पंख्यावरून आईच्या चष्म्यावर आला आणि उरलेला सगळाच्या सगळा धाकटीच्या पांढऱ्याशुभ्र ड्रेसवर! खास आजच्यासाठी शिवलेला, कडक इस्त्रीचा.

धाकटीने खाली ड्रेसकडे पाहिलं.

"दादाऽऽऽ! माझा ड्रेस! अरे, अक्कल गहाण टाकलीस का रे?"

काय तो खणखणीत आवाज! समोरचा न्हावी वस्तऱ्यासकट बाहेर धावला, मागोमाग अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

"बघ!" केसांतून सोडा निथळत असताना दादा ओरडला. "नुसतं अंगावर पडलं तरी गुण आला!"

धाकटी आईचा ढगळ ड्रेस चढवून निघाली. आवाज पुन्हा बसू नये म्हणून स्टेशनपर्यंत दादाला शिव्या घालत गेली, आणि नोकरी घेऊनच परतली!

मग काय विचारता? दुसऱ्याच दिवशी दुकानावर पाटी झळकली: 'बसलेला घसा हमखास मोकळा!' एक मास्तर आले, भाजीवाली आली, एक वकीलही आले. दादाने प्रत्येकाला स्वच्छ ग्लासात, बेताचं मीठ घालून, अदबीने सोडा दिला. एकाचाही घसा मोकळा झाला नाही. वकील तर खुणेनेच भांडून गेले.

"तुला कसा गं गुण आला?" दादाने बहिणीला विचारलं.

"डोकं फिरलं होतं माझं, ड्रेस गेला म्हणून!"

दादाने जरा विचार केला. मग खडू घेतला आणि पाटीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'येताना नवे, पांढरे कपडे घालून यावे.'