जोंधळ्याच्या डब्यातील कैद आणि बारवेची फत्ते

श्रीशंभो प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ मासी, रविवारी दोनप्रहरी, मुक्काम सोनपेठ येथे जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहिले आहे. वाचणाराने हसावे, परंतु बेताने, कारण पाळण्यात घरचे धाकटे चिरंजीव योगीराज नुकतेच निजले आहेत.

तर ते समयी तमाम घरात सामसूम होती. भांडी घासून पालथी पडली होती, पंखा गरगरत होता, आणि खासे धोंडप्पा महाराज, कपाळी विभूती, उशास पंचांग, ऐसे बाजेवर आडवे होऊन निद्रेचा मुलूख काबीज करीत होते. त्यांच्या सूनबाई मातोश्री धनश्रीबाई यांस आठवड्यात हीच काय ती घटका आपली म्हणावयास मिळे. लग्नाआधी अर्धे वाचून राहिलेले इतिहासाचे पुस्तक घेऊन त्या ओट्याशी टेकल्या, खूण घातलेले पान काढिले, आणि इतक्यात जोंधळ्याच्या डब्यातून आवाज जाहला. टुंग.

धनश्रीबाईंनी आधी बाजेकडे पाहिले. डब्यात उंदीर नव्हता, पिशाच नव्हते. डब्यात मोबाईल होता, आणि तो कैदेत होता.

कैदेची सबब ऐसी की, बाईंची थोरली कन्या राजनंदिनी, इयत्ता सहावी, हिजला मोबाईलमधील विटांच्या खेळाचा नाद लागला. त्या खेळात लढाई नाही, तोफ नाही. चौकोनी विटेवर वीट रचावी आणि आपला मुलूख आपण उभारावा, एवढाच तो खेळ. आणि मग शाळेत घटक चाचणी आली, आणि चाचणीत गुणोत्तराचे प्रकरण आले, आणि त्या प्रकरणाने राजनंदिनीची सारी फौज कापून काढिली. पेपर धोंडप्पा महाराजांच्या हाती पडला. महाराजांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि भर जेवणात फर्मान सोडिले की, संध्याकाळी राजेश्वर दुकानातून आला की तो खेळ मोबाईलातून मुळासकट उडवावा, तोवर मोबाईल कोणाच्या हाती लागू देऊ नये. खेळ उडविण्याची विद्या घरात चिरंजीव राजेश्वररावांखेरीज कोणास येत असेल, ऐसे महाराजांच्या ध्यानीही नव्हते. धनश्रीबाईंस ती विद्या उत्तम येत होती. त्यांनी मुकाट मोबाईल जोंधळ्यात खोल पुरला आणि झाकण लाविले.

राजनंदिनी रडली नाही, हेच बाईंस बोचत होते. पोर कोपऱ्यात बसून भिंतीस म्हणाली, “उडवा. पण मग माझी बारव बी उडंल.”

या बारवेची हकीकत ऐसी. बाईंचे माहेर देवगाव फाट्यावरून आत. तेथे गावाबाहेर पायऱ्या-पायऱ्यांची एक जुनी दगडी विहीर आहे, तीस बारव म्हणतात. दिवाळीनंतर बाईंच्या भावाचे लग्न जाहले, तेव्हा वऱ्हाड पंगतीत गुंतले असता ही पोर बारवेत उतरली, आणि तिजमागे धोंडप्पा महाराजही गेले. मोजावयास टेप नव्हता. महाराज म्हणाले की टेपाची मातब्बरी ती काय, पूर्वी हातानेच मोजीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मग वरचा टप्पा महाराजांनी मोजिला आणि नातीने आकडे घोकले, आणि पुढे महाराजांच्या गुडघ्यांनी बंड केले म्हणोन ते पायरीवर बसले, आणि खालचा टप्पा नात एकटीने पाण्यापर्यंत मोजून आली. घरी येऊन एका हातास एक वीट धरून तिने खेळात ती बारव रचिली. रचिली, परंतु ती जुळेना. खालचा टप्पा वाजवीपेक्षा थोर जाहला, वरच्या पायऱ्या एकीकडे, खालच्या एकीकडे, आणि मध्ये भगदाड. मग पोर रोज पाडी आणि रोज रची. हिंदीचा तास तरी तिच्या डोक्यात बारव, भूगोलाचा तास तरी बारव. अभ्यास बुडाला तो त्या भगदाडात बुडाला, ही गोष्ट एक धनश्रीबाई जाणून होत्या.

इकडे डब्याने दुसरी आरोळी दिली. टुंग. धोंडप्पा महाराज जागे जाहले.

“सूनबाई, जोंधळ्यात काय वाजायलंय?”

“उंदीर असंल, मामा.”

“उंदीर टुंग टुंग करायलाय व्हय?” महाराज उठून बसले. “इतकी वर्सं जोंधळा खायलोय मी, असा उंदीर बघिटला न्हाई.”

फितूर उघडकीस आले. मग डबा दरबारी हजर केला, आणि बाईंनी कोपरापर्यंत हात घालून कैदी बाहेर काढिला. त्याचा प्राण कंठाशी आला होता, त्याचीच ती टुंग. चार्जर लावावा तर भोकात जोंधळ्याचा कण अडकून बसलेला. राजनंदिनी सुई घेऊन धावली. तिने जीभ दाताखाली धरून, हळूहळू, वेढा घालून तो कण जेरीस आणिला आणि बाहेर काढिला. महाराज वरून म्हणाले, “एवढं ध्यान गणितात दिलं असतं तर.” पोरीने चार्जर जोडिला.

ते समयी धनश्रीबाईंनी पदर सावरून अर्जी केली. “मामा, उडवा म्हणलं तर उडवू. पण उडवायच्या आधी एकदा बघा तरी, काय उडवायलाव ते.”

महाराजांस नाही म्हणता आले असते. परंतु दुपारची झोप मोडली होती आणि चहास अवकाश होता. त्यांनी चष्मा लाविला.

पडद्यावर बारव उभी राहिली. करड्या विटांचे बांधकाम, मध्ये निळे पाणी, कडेस देवळी, आणि देवळीत चिमुकला दिवा. महाराज पाहातच राहिले. मग म्हणाले, “अगं, ही तर तिथलीच! ही देवळी मीच दावली व्हती तुला.” आणि मग त्यांनी अंगठा पुढे केला, आणि पडद्यावरील माणसास पायऱ्या उतरविण्याची मोहीम खासा आपल्या हाती घेतली. एक पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि भगदाडातून थेट पाण्यात गेले. डुबुक.

“पडलाव आप्पा तुमी!” पोर पहिल्यांदा हसली.

“मी न्हाई पडलो, तुझी पायरी पडली. हितं जागा कशी राहिली?”

“तुमचंच माप हाय.”

“माझ्या मापात खोट न्हाई!” महाराजांचा आवाज चढला, योगीराजांचा पाळणा हालला, आणि तिघांनी श्वास धरिला. पाळणा शांत जाहला. महाराज दबल्या आवाजात पुसते जाहले की, खालचा टप्पा कोणी मोजिला. पोर म्हणाली, मीच, माझ्या हाताने.

हे ऐकताच धनश्रीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी रांगोळीचा डबा आणिला आणि फरशीवर लांब रेघ ओढिली, आणि हुकूम केला की दोघांनी एकाच टोकापासून आपापले हात मोजीत यावे. सासऱ्यास हुकूम करण्याचा तो बाईंचा पहिलाच प्रसंग. सासऱ्यांच्या ते ध्यानीही आले नाही, ते केव्हाच पालथे पडून कोपर टेकीत होते. आजोबांचा हात लांब, नातीचा आखूड. महाराजांचे तीन जेथे संपले, तेथेच पोरीचे चार संपले. रेघ ओढणारा तिसरा हात मात्र मोजदादीत कोणी धरिला नाही.

राजनंदिनी रेघेकडे बघत राहिली. “आप्पा... तुमचे तीन म्हंजी माझे चार. मी माझ्या हाताला बी अख्खीच वीट लावली. म्हणून खालचं मोठं झालंय.” मग आईकडे वळून, “मम्मी, हे तर गुणोत्तर हाय.”

“मंग पेपरात का न्हाई सुचलं?” आजोबा.

“तितं चहा-साखरेचं दिल्तं. मी चहा पीत न्हाई.”

मग पेपराची कोरी बाजू वर करून पोर हिशेबास बसली. जेथे सोळा विटा तेथे बारा, जेथे वीस तेथे पंधरा, ऐसे एकेक ठाणे सर होत गेले, आणि महाराज प्रत्येक आकड्यास “शाब्बास” म्हणोन मग बोटांवर पडताळून पाहू लागले. हिशेब जाहल्यावर, आणि जाहल्यावरच, मोबाईल हाती दिला, ही शर्त बाईंची. जुना टप्पा पाडिला, नवा रचिला. दोन विटा बाईंनी स्वहस्ते लाविल्या आणि तिसरीचा मोह महत्प्रयासाने आवरिला. पुस्तक ओट्यावर उघडेच राहिले, चहाचे कोणास भान राहिले नाही, आणि दिवस मावळतीस गेला.

त्या समयी राजेश्वरराव दुकान बंद करून घरी आले. पाहातात तो फरशीवर रांगोळी, बाजेखाली जोंधळे, आणि वडील पोटावर पडलेले. ते म्हणाले, “आण इकडं. उडवायचा हाय ना गेम?”

“कोण म्हणलं?” महाराज मान वर न करता बोलिले. “गप बस जरा. बारवंचं काम चालू हाय.”

राजेश्वरराव मुकाट हातपाय धुवावयास गेले.

मग पडद्यावरील माणूस पहिल्या पायरीवर उभा केला. महाराजांनी अंगठा पुढे केला खरा, पण अखेर मोबाईल नातीच्या हाती दिला. माणूस उतरला, टप्पा ओलांडिला, जेथे भगदाड होते तेथे पाऊल ठेविले, आणि ते ठरले. तो पाण्याशी जाऊन उभा राहिला. धनश्रीबाईंस उगाच भरून आले.

येणेप्रमाणे तह जाहला की, आधी धडा, मग वीट; जे बांधावयाचे ते आधी कागदावर मोजावे; जेवणाचे वेळी मोबाईल पुन्हा डब्यात जावा, परंतु डाळीच्या, जोंधळ्याच्या नव्हे; आणि रविवारी एक डाव महाराजांचा, त्यात कोणी हसू नये. तह उभयपक्षी मान्य, राजेश्वरराव साक्षीदार. बारव कायम राहिली, गुणोत्तर काबीज जाहले, फर्मान ज्यांनी काढिले त्यांच्याच तोंडून रद्द जाहले. ऐसी ही फत्ते सोनपेठ मुक्कामी पदरी पडली, ती येथे रुजू केली असे.

आणि धनश्रीबाई भाकरीस पीठ मळावयास बसल्या, तोच राजनंदिनी येऊन शेजारी टेकली. आईचा पिठाने भरलेला हात तिने कोपरापासून बोटांपर्यंत नजरेच्या विटांनी मोजिला, आणि एक सवाल केला, ज्याचा जाब मातोश्रींच्या ओट्यावरील पुस्तकातही नव्हता:

“मम्मी, खरी बारव बांधली तवा मापाला कुणाचा हात धरला असंल गं? आप्पासारख्याचा, का तुझ्यासारखीचा?”