ओटावियाचं बदक

नाताळच्या जेवणात बदक का असतं, असा प्रश्न त्या घरात कधी कुणाला पडला नव्हता. बदक असायचं. पोटात सफरचंद आणि शिळ्या पावाचं सारण, बाजूला उकडलेले बटाटे, लाल कोबी, आणि हे सगळं करणारी मोठी काकू. बदक भाजायचं भांडं सासूबाईंनी तिच्या हाती दिलं तेव्हा "जळू देऊ नकोस" एवढंच म्हणाल्या होत्या. तिनं कधी जळू दिलं नाही. एरवी वर्षभर काकू कुणाच्या नजरेस पडत नसे. त्या एका संध्याकाळी मात्र बदक टेबलाच्या मधोमध बसायचं आणि त्याच्यामागे काकूही थोडी दिसायची. काका तर त्या सारणाची वाट उन्हाळ्यापासून बघायचे.

यंदा काकूची धाकटी जाऊ एका व्याख्यानाला जाऊन आली आणि घराला दृष्टी आली.

"ताई, आपलं टेबल फार संकुचित आहे हो," ती म्हणाली. "जगातला एक पदार्थ ठेवू या. एकानं काय बिघडतं?"

एकानं काहीच बिघडत नाही. दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं, इथं सगळं बिघडतं. मेक्सिकोचे तमाले ठरले तसा जावेचा मुलगा, म्हणजे काकूचा पुतण्या, म्हणाला, "मग पेरूनं काय घोडं मारलंय?" कुणीही डावललं जाऊ नये एवढंच बघायची त्याला एका कंपनीत नोकरी होती, आणि घरी आल्यावरही ती सुटत नसे. पेरू आला. जपान आला. जपान आला म्हणून कोरिया रुसायला नको, म्हणून कोरिया आला. इथिओपिया एकटा पडू नये म्हणून मोरोक्को आला. नातेवाइकांना एकेक देश वाटून दिला. ज्यांच्या वाट्याला देश आला नाही ते नाराज झाले, त्यांची समजूत बेटं देऊन काढली.

तालमीच्या दिवशी पुतण्यानं कोरियाची मिरची जॅम समजून पावाला फासली. तो बोलता झाल्यावर घरात शिस्त हवी असं सर्वानुमते ठरलं. ती धाकट्या भावजींनी आणली. भावजी कस्टममधून निवृत्त झाले होते, पण कस्टम अजून भावजींमधून निवृत्त झालं नव्हतं.

"प्रत्येक पदार्थावर त्याच्या देशाचं निशाण," ते म्हणाले. "उगमदेश कळल्याशिवाय कुठलाही माल या दारातून आत येणार नाही."

सगळ्यांना पटलं. काकूलाही पटलं.

सणाच्या संध्याकाळी टेबल निशाणांनी फुलून गेलं. ताटांना जागा उरेना, म्हणून बशा आल्या. बशांनाही उरेना, म्हणून माणशी एक चमचा ठरला. बसल्या जागेवरून दूरच्या खंडांपर्यंत हात पोचेना, म्हणून खुर्च्या बाहेर काढल्या. बसून जेवणं तसंही जुनाट आहे, असं पुतण्या म्हणाला.

काकू बदक घेऊन आली. भावजी दारात आडवे उभे राहिले.

"उगमदेश?"

"भावजी, वाट द्या. भांडं भाजतंय."

"वहिनी, नियम म्हणजे नियम. हे कुठून आलं?"

"स्वयंपाकघरातून."

"तो देश नाही. पक्षी कुठला?"

"कोपऱ्यावरच्या खाटकाचा."

"तोही देश नाही." भावजींनी खेदानं मान हलवली. "निशाण नाही, देश नाही. हा बेवारस माल झाला."

बेवारस माल अडकवून ठेवतात. बदक मागल्या खोलीत वॉशिंग मशीनवर ठेवण्यात आलं. काका चमचा घेऊन मागोमाग निघाले.

"दादा, अडकवलेला माल फोडता येत नाही," भावजी म्हणाले.

"अरे, पण ते बायकोनं केलंय माझ्या."

"सगळे हेच सांगतात."

काका चमचा खिशात घालून खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या त्या पाठीकडे काकूनं जरा वेळ पाहिलं. मग ती आत गेली, भांडी पुसायच्या निळ्या फडक्याची एक चिंधी फाडली, दात कोरायच्या काडीला बांधली आणि मागल्या खोलीत जाऊन बदकाच्या छातीत रोवली. भांडं पुन्हा उचलून ती दारात आली.

"उगमदेश?" भावजींनी विचारलं.

काकूनं स्वयंपाकाच्या ओट्याकडे एकदा वळून पाहिलं.

"ओटाविया."

"ओटाविया." भावजींनी नाव तोंडात घोळवलं. माहीत नाही असं कस्टमचा माणूस म्हणत नाही. "समुद्राकाठी ना?"

"एका बाजूला मोरी आहे."

"हां, मोरीचा समुद्र. आणि राज्य?"

"राणीचं. पण राणीला बसायला सवड नसते."

"जाऊ द्या आत," भावजी म्हणाले.

बदक टेबलाच्या मधोमध बसलं. पहिल्या घासानंतर सगळे चमचे पुन्हा बदकाकडेच वळले.

"ओटावियाबद्दल मी वाचलंय," पुतण्या म्हणाला. "साधी माणसं असतात. फार सोसलंय त्यांनी."

"सारण बघा," जाऊ म्हणाली. "नाहीतर आपल्याकडे बदक नुसतं भाजतात."

बाकीच्या देशांकडे मग कुणी फिरकलं नाही. काकांचा चमचा खिशातून निघून भांड्यापर्यंत पोचला तोवर भांड्यात हाडंच उरली होती. त्यांनी भांड्याच्या कडेचं चिकटलेलं सारण खरवडून घेतलं आणि डोळे मिटले.

मोरीपाशी भांडी घासणाऱ्या काकूकडे जाऊ मुद्दाम आली.

"ताई, रागावणार नसाल तर बोलते. पुढच्या वर्षी हे अस्सल ओटावियन बाईकडून करून घेऊ. तुम्ही छानच करता, पण तुमच्या हातात ती चव नाही."

"बघा शोधून," काकू म्हणाली. "एखादी मिळेल."

जाऊ गेली आणि काका आत आले. एक खुर्ची घेऊनच आले.

"ओटावियात जागा मिळेल का?"

"व्हिसा लागतो," काकू म्हणाली. "आधी ते फडकं घ्या. फाटकं आहे, तरी चालेल."

ज्या वाचकांना या पदार्थाची कृती हवी असेल, त्यांनी ती ओटावियात जाऊन विचारावी. तो देश प्रत्येक घरात असतो, आणि काकू काही म्हणो, तिथं जायला व्हिसा लागत नाही. तुम्ही शेवटचं कधी गेला होता, एवढं आठवून बघा. आणि गेलाच, तर कृती विचारण्याआधी राणी जेवली का, ते विचारा.