ओल्या हवेचे गुलाबराव

डिसेंबरच्या ऐन थंडीत अख्खं नागपूर उन्हात पाठ शेकत बसलेलं असायचं, आणि गुलाबराव पौनीकर आपल्या घरात ओल्या चादरी टांगत असायचे.

अंगणात नव्हे, घरात! बाहेरच्या खोलीत दोन, मधल्या खोलीत तीन आणि स्वयंपाकघराच्या दारात एक जुनं धोतर. पाहुण्याला मधल्या खोलीतल्या खुर्चीपर्यंत पोचायचं तर पाच ओले पडदे बाजूला सारत जावं लागे. पोचेपर्यंत त्याचा एक खांदा तरी भिजलेला असे आणि गुलाबराव आनंदानं विचारत, "काय, कसं वाटते? मोकळं वाटते न छातीत?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी राजापूरकडून नागपूरला एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आलो आणि गोळीबार चौकामागच्या एका गल्लीत खोली घेऊन राहिलो. कोकणातल्या माणसाला ओल म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडे भिंतीला, पुस्तकांना, चपलांना, सगळ्याला बुरशी. नागपूरची खणखणीत कोरडी थंडी अंगाला लागली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. कपडे तासाभरात वाळतात! मीठ चिमटीतून पडतं! आणि अशा या स्वर्गात माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी दिवसाकाठी आठ बादल्या पाणी हवेत सोडत होता.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यावर गाठलं. माझ्या टेरिलिनच्या शर्टाकडे बोट दाखवून म्हणाले, "प्रोफेसर, हा शर्ट काढताना चटचट आवाज येते का नाही?"

"येतो," मी म्हटलं.

"ओठ फाटले?"

"थोडे."

"सकाळी उठल्यावर कोनाशी भांडावं वाटते?"

मी विचार केला. खरोखरच वाटत होतं.

"हवा!" गुलाबराव ओरडले. "हवा कोरडी हाये बापा! मानूस म्हणजे काय? सूतच न! हवा सुकली का सूत तुटन!"

'सूत तुटन' हा त्यांचा मंत्र. गल्लीत दोन जावा भांडल्या, सूत तुटन. मुलगी परीक्षेत नापास झाली, घर कोरडं असन. त्यांची अठ्ठावीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये गेली होती. सूत कातायच्या खात्यात हवा ओली ठेवावी लागते, नाहीतर धागा पटापट तुटतो. तिथे छताला पाण्याचे फवारे असत. ते केव्हा सोडायचे, केव्हा बंद करायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे गुलाबराव. वही घेऊन दिवसभर हवा मोजत हिंडायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले त्या दिवशी साहेबानं विचारलं, "काय पाहिजे? घड्याळ की शाल?" गुलाबराव म्हणाले, "तो भिंतीवरचा द्या."

तो भिंतीवरचा म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र. एका लाकडी फळीवर काचेच्या दोन नळ्या, दोन्हींत पारा. एक नळी तशीच कोरडी, दुसरीच्या बुडाला मलमलीची वात गुंडाळून ती पाण्याच्या वाटीत सोडलेली. हवा जितकी कोरडी तितकं वातीतलं पाणी जास्त उडतं आणि ओल्या नळीचा पारा खाली राहतो. दोन नळ्यांत फरक किती, त्यावर ओलावा कळतो. हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असे, तरी त्यांना कळत नसे. गुलाबरावांनी ते मला एका वाक्यात सांगितलं.

"हा कोरडा बुवा, हे ओली बाई. दोघांत सात-आठचा फरक असला का संसार बरा. अठराचा झाला का समजा घरात आग लागली!"

पहाटे उठून पहिलं दर्शन बुवा-बाईचं. मग चादरी भिजवणं. मग चार कोपऱ्यांत चार मडकी, खिडकीला ओलं पोतं, आणि पितळेच्या गंगाळात पाणी घालून त्यात संत्र्याच्या साली. दर तासाला वहीत नोंद. फरक वाढला की "अवं, बादली!" अशी आरोळी. ती आरोळी माझ्या भिंतीतून येई आणि मी अंथरुणात दचके.

या घरात काडेपेटीतली काडी पेटत नसे. म्हणून त्यांच्या पत्नी, अनसूयाकाकू, काडेपेटी कमरेला खोचून हिंडत. चिवडा तर असा मऊ, की कितीही खाल्ला तरी आवाज होत नसे. एकदा शेजारच्या शकुंतलाबाईंनी मुगाच्या वड्या उन्हात वाळत घातल्या होत्या. गुलाबरावांनी तिथून जाताना पाहिलं, वड्यांना चिरा गेल्या आहेत. त्यांना राहवलं नाही. हातातल्या तांब्यातलं पाणी त्यांनी मायेनं सगळ्या वड्यांवर शिंपडलं. त्यानंतर शकुंतलाबाई जे बोलल्या ते ऐकून गुलाबराव घरी आले आणि काकूंना म्हणाले, "त्या घरात फरक वीसच्या वर असन."

सगळ्या गल्लीला काकूंची दया येई. "कसं राहते बाई त्या पाणघरात!" असं म्हणत. त्या नुसतं हसत आणि चादरीचं दुसरं टोक धरून पिळायला उभ्या राहत.

आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी माझ्या हातून तो गुन्हा घडला.

गुलाबराव धावत माझ्या दाराशी आले. "प्रोफेसर, या, या! लवकर या! सहाचा फरक! जानेवारीत सहा! पाहाच तुम्ही!" त्यांचा उत्साह असा, की मीही चप्पल न घालता पळालो. पहिली चादर सारली, दुसरी सारली, तिसऱ्या चादरीखालून वाकताना माझा पाय मडक्याला लागला. तोल सावरायला मी दोरी धरली. दोरीचं एक टोक ज्या खिळ्याला बांधलं होतं, त्याच खिळ्यावर ती फळी होती. दोरी, चादर, मी आणि फळी असे चौघे एकदम खाली आलो.

मी चादरीतून तोंड बाहेर काढलं. फरशीवर पाऱ्याचे चकचकीत मणी इकडून तिकडे पळत होते.

"हात नका लावू कोनी!" काकू म्हणाल्या. मी पोस्टकार्डानं पारा गोळा केला. गुलाबराव गुडघ्यावर बसले, फळी उचलली, पाहिली. एक नळी शाबूत होती.

"बाई गेली," ते हळूच म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"काका, मी दुसरी आणतो."

"असू द्या गा. जुनंच होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी भिंतीतून आरोळी आली नाही. तिसऱ्या दिवशी चादरी वाळून कडक झाल्या तशाच लटकत होत्या. गुलाबराव ओट्यावर बसून असत, मांडीवर वही मिटलेली. मी म्हटलं, "काका, अंदाजानं भिजवा की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अंदाजानं? मंग मिलमधी मी काय अंदाजानं करत होतो? आता मले काय समजन, घरात हवा कशी हाये?"

चौथ्या दिवशी शकुंतलाबाई स्वतः वड्यांची वाटी घेऊन आल्या. "काहून बसले असे? काही म्हणा न आमाले! हवा कोरडी हाये म्हणा!" गुलाबराव म्हणाले, "असन बा." शकुंतलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतली वस्तू घरी आणणं शक्य नव्हतं. मी सायकल काढली. इतवारीचा बाजार पालथा घातला. सीताबर्डीच्या एका दुकानात सुंदर नळ्यांची जोडी मिळाली, ती घेऊन उड्या मारत आलो. गुलाबरावांनी चष्मा सारखा करून पाहिलं.

"प्रोफेसर, हे काय बोलून राहिली? अठरा? अठरात तर मानूस गोठून मरते!"

नळी सेल्सिअसची होती. गुलाबरावांचं सगळं आयुष्य फॅरनहाइटमध्ये गेलं होतं. मी गुणाकार-भागाकार समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई चांगल्या घरची हाये. पण भाषा येगळी हाये तिची. या वयात मले नाई जमत."

पुन्हा सायकल. शेवटी जरीपटक्यात जुन्या सामानाच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे, पंखे आणि शिलाई मशीनच्या ढिगाखाली, मला ती दिसली. तशीच फळी, तशाच दोन नळ्या, आणि आकडे फॅरनहाइटचे! मी असा ओरडलो, की तो व्यापारी घाबरून उभा राहिला. फळी मफलरमध्ये गुंडाळून, स्वेटरच्या आत छातीशी धरून, एका हातानं सायकल चालवत मी निघालो. वाटेत आभाळ भरून आलं आणि ऐन जानेवारीत भुरभुर पाऊस सुरू झाला. मी भिजलो, फळी कोरडी राहिली.

घरात काकू एकट्याच होत्या. गुलाबराव चक्कीवर दळण आणायला गेले होते.

"काकू, मिळाली!"

काकूंनी टाळीच वाजवली. त्यांनी वाटीत पाणी आणलं, मलमलीची वात करून दिली आणि मी फळी भिंतीवर टांगली. पारा जागेवर यायला थोडा वेळ लागतो, म्हणून आम्ही दोघं समोर बसलो. मी सहज म्हटलं, "काकू, तुम्हाला इतकी वर्षं कंटाळा नाही आला? ही मिल घरात आणल्याचा?"

"मिल त्यायनं घरात नाई आनली, भाऊ," काकू म्हणाल्या. "मीच होती मिलमधी."

मला हे ठाऊक नव्हतं. काकू सुताच्या लडी बांधायच्या खात्यात होत्या. कापसाची धूळ छातीत बसली आणि खोकला लागला. हिवाळ्यात तर असा, की रक्त पडेल की काय वाटे. धंतोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, बाईला कोरड्या हवेपासून जपा.

"हे तवा मागावर होते. हात असा चांगला, का मुकादम होनार होते. ते सोडून पान्याच्या कामावर बदली मांगतली. लोक हसले. साहेबाले म्हणे, सूत तुटते म्हणून पानी वाढवा लागते. आन् पानी वाढवे ते माह्या खात्याकडलं." काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "मी मिल सोडली, तं घरी सुरू केलं. कोनाले सांगतलं नाई काहून ते. माह्या खोकल्याचं नाव निघालेलं त्यायले आवडत नाई."

"मग आता कसा आहे खोकला?"

काकूंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज हळू केला.

"गेला न तो. बारा वर्षं झाली असन. एक ठसका नाई."

"मग काकांना सांगत का नाही?"

"सांगून काय करू, भाऊ? पहाटं उठून मंग कायच्यासाठी धावतीन ते?"

मी भिंतीकडे पाहिलं. बाहेर पाऊस, हवा दमट. दोन नळ्यांत फरक फक्त तीनचा होता. म्हणजे आज या घराला थेंबभर पाण्याचीही गरज नव्हती.

एवढ्यात गुलाबराव आले. खांद्यावर पिठाचा डबा, डोक्यावर पोत्याची घोंगशी, चष्म्यावर पावसाचे थेंब. भिंतीवर काहीतरी आहे एवढं त्यांना दिसलं आणि डबा धाडकन खाली आला.

"आली? प्रोफेसर, बाई आली? आपल्या भाषेतली?"

"आपल्याच भाषेतली, काका!"

"अरे वा रे वा! अरे बापा!" त्यांनी मला मिठी मारली, पिठासकट, पाण्यासकट. मग चष्मा काढून धोतराला पुसू लागले. धोतरही ओलंच, चष्मा काही पुसला जाईना.

आणि त्याच वेळी काकूंनी पदर तोंडाशी नेला आणि त्या खोकल्या. दोनदा. बारीक.

गुलाबराव गर्रकन वळले. "पाहा! पाहा! सुकली हवा! आठ दिवस लक्ष नाई, तं होनारच न! प्रोफेसर, किती फरक हाये? सांगा लवकर!"

काकू माझ्याकडे बघत होत्या.

"बराच आहे, काका," मी म्हटलं. "कोरडीच आहे हवा."

गुलाबरावांनी चष्मा लावला आणि ते फळीपाशी गेले. आधी बुवाकडे पाहिलं, मग बाईकडे. इतकी वर्षं ज्यानं हेच आकडे वाचले, त्याला तीनचा फरक वाचता आला नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी वाटीतली वात बोटानं सारखी केली. मग वळून त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर अजून तोंडाशी धरला होता.

"हो," गुलाबराव म्हणाले. "कोरडीच हाये."

आणि बाहेर भुरभुर पाऊस पडत असताना, दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन, ते अंगणातल्या नळाकडे धावत सुटले.