अण्णांचा पक्का निर्णय

शिक्केवाल्या अण्णांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. आपण घाईत काही करत नाही, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, ‘नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का?’ असा निरोप झळकला, तेव्हा अण्णांनी वही काढली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. दोन महिने वही भरत राहिली.

मेहुणा म्हणाला, घेऊन टाका, जग कुठल्या कुठे गेलं. मेहुण्याशी अण्णांचं कधीच पटलं नव्हतं, म्हणून त्याचं मत सरळ तोट्यांत गेलं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, घ्या नाहीतर नका घेऊ, पण एकदाचं ठरवा. हे कुठल्या रकान्यात लिहावं ते अण्णांना कळेना.

खरी मेख वेगळीच होती. अण्णांचे वडील शिक्क्यांची अक्षरं हातानं काढायचे. ती सगळी अण्णांनी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती, आणि तो बनवणारा केव्हाच धंदा गुंडाळून बसला होता. नव्या आवृत्तीत प्रोग्रॅम उघडलाच नाही तर? वडील गेले, त्यांचा हात तेवढा त्या अक्षरांत उरला होता. तो घालवायची अण्णांची छाती होईना.

शेवटी सोमवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, घ्यायचं नाही. ‘इतकी वर्षं आहे त्यावरच चालतंय ना? एकदा तरी अडलं का?’

बायको काहीतरी बोलणार होती, पण ती पाणी प्यायली.

एकदा ठरलं की अण्णा काम कच्चं ठेवत नसत. त्यांनी पुठ्ठ्यावर ‘मालकाच्या परवानगीशिवाय हात लावू नये’ असं लिहिलं, खाली आपला शिक्का मारला, तो फिका वाटला म्हणून आणखी दोन मारले, आणि पुठ्ठा पडद्याच्या त्याच कोपऱ्यावर चिकटवला. आता निरोपही दिसायला नको आणि कुणाला मोहही व्हायला नको.

पुठ्ठ्यामागे निरोप मात्र गप्प बसला नव्हता. आज चार वाजता आपोआप सुरू होईल, नको असल्यास इथे दाबा, असं तो दुपारभर सांगत होता.

चारला पडदा काळा झाला आणि मधोमध एक चाक फिरू लागलं. अण्णांनी पुठ्ठा ओरबाडला. मागेही काळंच. ते वायर उपटायला धावले, तशी चहा घेऊन आलेल्या बायकोनं मनगट धरलं. अर्ध्यात बंद केलंत तर आहे तेही जाईल, म्हणाली. अण्णा स्टुलावर बसले. चाळीस मिनिटं ते त्या चाकाकडे बघत होते आणि मनातल्या मनात वडिलांची माफी मागत होते.

पडदा उजळला. अण्णांनी प्रोग्रॅम उघडला. अक्षरं जागच्या जागी होती. वडिलांचा हात जिथे नेहमी वाकायचा, तो ‘क’सुद्धा तसाच वाकडा होता. अण्णांना रडूच कोसळलं.

‘बघा, मागच्या वेळीही काही झालं नव्हतं,’ बायको बोलून गेली.

‘मागच्या वेळी?’

‘मागच्या वर्षी हो. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या भावानं करून दिलं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही वही काढली असती.’

अण्णांना सगळं आठवलं. पट्टी सुटल्यावर ते दुकानात येऊन बसले, तर पडद्यावरचं सगळं मोठं, ठळक, रंग कसे उजळलेले. डॉक्टरांच्या हाताला यश आहे म्हणत त्यांनी वडिलांच्या अक्षरांत ‘दृष्टिदाता’ असा शिक्का घडवला होता आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना दिला होता.

‘तो शिक्का परत मागता येईल का गं?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘कशाला? डोळे त्यांनीच बरे केले ना? फार तर माझ्या भावालाही एक करून द्या.’

अण्णांनी वही काढली.